पासमामांचे चौथ्या मजल्यावर आरोहण

सुज्ञ वाचकहो! अतिशय स्थूल अशा एका गृहस्थास व्यायामाची प्रेरणा कोठून लाभली, ती लाभल्यावर त्याने कोणता बेत रचला, आणि त्या बेतापायी एका संपूर्ण इमारतीवर विनाकारण शोककळा कशी पसरली, याचा साद्यंत वृत्तांत येथे सादर होत आहे. यातील एकही प्रसंग प्रस्तुत लेखकाने पदरचा घातलेला नाही. जेथे लेखक स्वतः हजर नव्हता, तेथील हकीकत त्याने खुद्द मामांच्या मुखातून ऐकली आहे. आणि मामा खोटे बोलत नाहीत, कारण खोटे बोलावयास जास्त शब्द लागतात व जास्त शब्दांनी मामांना दम लागतो.

मामा हे आमच्या खुर्च्यांच्या कारखान्याचे मालक. नवी खुर्ची तयार झाली, की मामा तिच्याकडे पाठ करीत, विजार किंचित वर ओढीत आणि डोळे मिटून तिच्यावर विराजमान होत. खुर्ची कुरकुरली, तर ती परत सुताराकडे जाई. मुकाट राहिली, तर मामा गरजत, "पास!" यावरून त्यांस पासमामा हे नाव पडले. त्यांच्या देहाखाली जी खुर्ची तगली, ती पुढे गिऱ्हाइकाच्या घरी कोणत्याही पाहुण्यास घाबरली नाही. म्हणूनच डॉक्टरांनी वजन उतरविण्याची गोष्ट काढली, तेव्हा मामा ताडकन म्हणाले, "डॉक्टर, हे वजन नाही! हे आमच्या धंद्याचं हत्यार आहे!"

"बरं, जिना चढताना काय होतं?" डॉक्टरांनी विचारले.

"काही होत नाही."

"उत्तम!"

"मी चढतच नाही."

मामींनीही प्रयत्नांची शर्थ केली होती. त्यांनी पळण्याचे बूट आणले. ते बूट इतके कोरे राहिले, की दुकानदाराने वर्षाने पाहिले असते तर आनंदाने परत घेतले असते! त्यांनी पहाटेचा गजर लावला. गजर होई, मामा कूस बदलीत, आणि मामींची झोप मोडे. एकदा झोप मोडलीच आहे, तर निदान आपण तरी फिरून यावे, असा विचार करून मामी घराबाहेर पडत. अशा रीतीने मामांच्या गजराने मामी सडपातळ झाल्या!

परंतु जे डॉक्टरांना साधले नाही व गजरास साधले नाही, ते एका फोनने साधले.

मामांची एकुलती एक लेक चौथ्या मजल्यावर राहावयास गेली होती. इमारतीस लिफ्ट नव्हती. त्यामुळे लेकीचे घर मामांनी अद्याप एकदाही पाहिले नव्हते. दर रविवारी लेकच आपल्या तान्ह्या मुलीला, चिंगीला, कडेवर घेऊन कारखान्यात येई. आमची सुट्टी सोमवारी असते. चिंगी खुर्च्यांच्या पायांमधून रांगे, भुसा केसांत माळून घेई, आणि मामा तिच्याकडे पाहून विरघळत. तिचा पहिला वाढदिवस जवळ आला, तेव्हा लेकीचा फोन आला.

"बाबा, रविवारी वाढदिवस इथे घरीच करतेय. वरती. जमलं तर या हं."

"म्हणजे काय! येणारच!"

"आणि नाही जमलं, तर केकचा तुकडा खाली पाठवते."

खाली पाठवते! हे दोन शब्द मामांच्या काळजात खिळ्यासारखे शिरले. ज्या पुरुषाने हजारो खुर्च्यांचे भवितव्य ठरविले, त्यास पोटच्या पोरीने परीक्षेला न बसविताच नापास केले होते! मामांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की लाकूड चिकटविण्याच्या सरसाचे भांडे उडाले.

"रविवारी मी चढणार! माझ्या पायांनी! आणि केक वरच खाणार!"

"अहो, पलंगावरून उतरताना तुमचा मध्ये एक मुक्काम होतो," मामी म्हणाल्या. "चार मजल्यांना किती होतील?"

मामांनी तत्काळ सराव आरंभिला. एक बुटके स्टूल कारखान्याच्या मध्यभागी ठेवून ते त्यावर चढू-उतरू लागले. मोजणीचे काम मजकडे होते. मी "एक!" म्हणालो. तदनंतर मामा भिंतीस टेकले. "दोन!" म्हणण्याची वेळ येईपर्यंत मी एका आरामखुर्चीस पॉलिशचा पहिला हात मारून घेतला. "तीन!" म्हणण्याची वेळ आलीच नाही.

मात्र भिंतीस टेकलेल्या अवस्थेतच मामांच्या मस्तकात ती प्रसिद्ध कल्पना चमकली.

"माणूस जिना चढताना दमतो का? दमतो! दमला की काय शोधतो? खुर्ची! आणि खुर्च्या कोणाकडे आहेत?"

"आपल्याकडे!" आम्ही सारे एकमुखाने म्हणालो.

बेत असा ठरला. प्रत्येक मजल्याच्या वळणावर एकेक खुर्ची आधीच ठेवावी. मामांनी चढावे, बसावे, पुन्हा चढावे. पुढच्या खेपेला एक खुर्ची कमी करावी, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी एक. "याला म्हणतात शास्त्रशुद्ध व्यायाम!" मामा म्हणाले. लेकीला मात्र सुगावा लागता कामा नये. म्हणून टेम्पोवाल्यास सक्त ताकीद मिळाली, "कोणी काही विचारलं, तर तोंड उघडायचं नाही!"

ही ताकीद व्यर्थ होती. टेम्पोवाल्याची अक्कलदाढ दोन दिवसांपासून ठणकत होती. गाल नारळाएवढा सुजला होता. डोक्यावरून हनुवटीपर्यंत पांढरे फडके आवळले होते आणि डोळ्यांतून अखंड धारा वाहत होत्या. तोंड उघडणे त्यास शक्यच नव्हते.

आता वाचकांनी त्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लक्ष द्यावे. तेथे एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांना सारे हेडबाई म्हणत, आणि त्यांच्या दारावरून जाताना मोठमोठी माणसेसुद्धा आपोआप एका रांगेत चालत. रविवारी सकाळी त्यांनी दार उघडले, तो समोर हे दृश्य! डोक्यास पांढरे फडके बांधलेला एक मनुष्य घळाघळा अश्रू ढाळीत वळणावर काळी खुर्ची ठेवीत आहे.

"कोणाकडच्या खुर्च्या?" हेडबाईंनी विचारले.

टेम्पोवाल्याने चार बोटे दाखवून वर खूण केली.

"चौथ्या मजल्यावर? अरे, काय झालं?"

टेम्पोवाल्याने गालावर हात दाबून डोळे मिटले.

"अरेरे! वयस्कर होते का?"

नेमकी तेव्हाच दाढेतून कळ गेली आणि टेम्पोवाल्याची मान दोनदा खाली झुकली. संपले! चौथ्या मजल्यावरील मुलीचे वडील गेले, हे हेडबाईंनी ताडले. फार जाड आहेत, जिना चढवत नाही, म्हणून कधी येत नाहीत, इतके इमारतीस ठाऊक होतेच.

खात्रीसाठी हेडबाई चौथ्या मजल्यावर जाऊन आल्या. दार बंद. आत चिंगी झोपली असल्याने लेक व आधीच येऊन पोचलेल्या मामी कुजबुजत फुगे फुगवीत होत्या. दाराबाहेर फक्त "हूंऽऽ... हूंऽऽ..." असा आवाज येत होता. हेडबाईंचे डोळे पाणावले.

"कोणी बेल वाजवायची नाही," त्यांनी प्रत्येक मजल्यावर फर्माविले. "घरच्यांना रडून मोकळं होऊ दे. तोवर खुर्च्यांवर बसा. त्यासाठीच ठेवल्यात."

दुसऱ्या मजल्यावरील गानमास्तरांनी शिकवणी सोडून दिली, पेटीवर चादर घातली आणि तेथील खुर्चीवर मान खाली घालून ते बसले. तिसऱ्या मजल्यावर विमा एजंट राहत असे. त्याने खुर्चीच्या बुडाशी चिकटविलेला आमच्या कारखान्याचा नंबर पाहून फोन लावला. तो मीच उचलला.

"तुमचे मालक गेले ना हो?"

"हो, आत्ताच," मी म्हणालो, कारण मामा नुकतेच टेम्पोत बसून निघाले होते.

"फार वाईट झालं. विमा होता का त्यांचा?"

पुढले मला ऐकू आले नाही. टेम्पोस अपघात झाला, असे समजून मी "पासमामाऽऽ!" असा हंबरडा फोडला.

इकडे मामा जिन्याशी पोचले. पहिल्या पायरीने त्यांचे स्वागत केले, दुसरीने चौकशी केली, तिसरीने उलटतपासणी आरंभिली. वळणावर पोचेतो मामांचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला होता आणि घाम डोळ्यांतून गालांवर ओघळत होता. आता बसावे! पाहतात, तो खुर्चीत हेडबाई!

"धीर धरा," हेडबाई गंभीरपणे म्हणाल्या.

मामांना गहिवरून आले. अनोळखी बाई आपल्या व्यायामास उत्तेजन देते, हे काय थोडे झाले? उठा, असे तिला म्हणावे तरी कसे? ते कठड्यास धरून पुढे सरकले.

दुसऱ्या वळणावर गानमास्तर.

"तुम्ही त्यांचे कोण?" मास्तरांनी हळूच विचारले.

"हुः... हुः..." मामा म्हणाले.

"भाऊ दिसता. ठेवण तीच असणार. काय सांगू, बिचाऱ्यांनी मुलीचं घर एकदाही पाहिलं नाही! वेळीच थोडे पाय हलवले असते, तर ही वेळ आली नसती."

कोणीतरी आपल्यासारखाच अभागी जीव गेला, असे समजून मामा हळहळले. खुर्ची मात्र येथेही मिळाली नाही. पाय थरथरत होते, छातीचा भाता झाला होता. तिसऱ्या वळणावर विमा एजंट मांडीवर बॅग घेऊन बसला होता. मामांनी हाताने खूण केली, की ऊठ. एजंटाने तो हात दोन्ही हातांत घेऊन घट्ट दाबला.

"आत्ताच कारखान्यात फोन करून खात्री करून घेतली. तिथला माणूस तर धाय मोकलून रडत होता! खुर्च्यांचा केवढा धंदा, केवढं नाव! पण स्वतः पासमामाच गेले म्हटल्यावर..."

पासमामा? मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे गेलो तो मी! मी मेलो आहे, आणि कोणीही मला माझ्याच खुर्चीवर बसू देत नाही!

"मी... मी..." मामा बोलू लागले, पण पुढच्या शब्दापुरती हवाच नव्हती.

"रडा, मोकळे व्हा," एजंट म्हणाला.

वाचकहो, हाच तो क्षण! खाली उतरावे, तर तीन मजले शोक करणारी मंडळी. थांबावे, तर खुर्ची नाही. जिवंत असल्याचा एकच पुरावा आता उरला होता, आणि तो चौथ्या मजल्यावर होता. मामांनी विजार वर ओढली, डोळे मिटले, जणू नव्या खुर्चीची परीक्षाच घ्यावयाची आहे, आणि ते चढू लागले! मागून गानमास्तर, एजंट, हेडबाई आणि खालचे आणखी काही भाडेकरू आदराने पाय न वाजविता निघाले. चौथ्या वळणावरची खुर्ची रिकामी होती! परंतु तिच्यावर कोणीतरी पांढऱ्या फुलांचा गुच्छ ठेवला होता. स्वतःच्या फुलांवर कसे बसावे? मामांनी गुच्छ उचलून छातीशी धरला आणि बेल दाबली.

"बेल नको!" मागून साऱ्यांनी एकदम फुत्कार टाकला.

दार उघडले. ओठांत अर्धा फुगलेला फुगा धरून लेक उभी होती. समोर वडील पाहताच तिने तोंड उघडले, फुगा सुटला, फर्रर्र करीत जिन्यात घिरट्या घालू लागला आणि हेडबाईंच्या चष्म्यावर जाऊन आपटला.

"बाबा! तुम्ही? चालत?" आणि तिला रडूच कोसळले.

"रड, बाळ, रड," हेडबाई पुढे सरसावल्या, आणि मग थबकल्या. "बाबा? मग गेले ते कोण?"

मामी हातात केकची सुरी घेऊन बाहेर आल्या. "कुठे गेले? हे काय, समोर उभे आहेत!"

"मग या खुर्च्या कशाला?"

सर्वांचे डोळे मामांवर खिळले. मामांनी बऱ्याच वेळाने पुरेशी हवा गोळा केली.

"मला... बसायला."

"मग बसला का नाहीत?"

"तुम्ही... उठाल तर ना!"

प्रथम गानमास्तर हसले, तेही वरच्या पट्टीत. मग सारा जिना हसू लागला. मामी मात्र हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. "अहो, म्हणजे चारही मजले तुम्ही न बसता चढलात?"

मामांच्या हे ध्यानातच आले नव्हते! त्यांनी मागे वळून जिन्याकडे पाहिले आणि जणू दुसऱ्याच कोणाच्या पराक्रमास दाद द्यावी, तशी मान डोलावली.

मग त्यांनी लेकीचे घर पाहिले. प्रत्येक खोलीच्या उंबऱ्याशी थांबून पाहिले. खिडकी उघडून, मिटून पाहिली. शेवटी ते सतरंजीवर बसले, आणि एकदा बसल्यावर उठणे अशक्य झाले. गलबल्याने जागी झालेली चिंगी रांगत आली. उभे राहण्यास तिला काहीतरी भक्कम हवे होते. तिने मामांच्या पोटावर दोन्ही हात रोवले आणि ती उठू लागली. आधार हलू नये, म्हणून मामांनी उरलासुरला श्वासही रोखून धरला. चिंगी उभी राहिली, डुलली, आणि धप्पकन त्यांच्या मांडीवर बसली. मामा कुरकुरले नाहीत.

"पास!" लेक ओरडली.

सायंकाळी मामांचे पाय लाकडासारखे झाल्याने चौघांनी त्यांस खुर्चीसकट खाली उतरवून टेम्पोत ठेवले. फुले वाया जाऊ नयेत, म्हणून हेडबाईंनी गुच्छ त्यांच्या मांडीवर ठेवला. तृप्तीने मामांचे डोळे मिटले होते. तो टेम्पो तशाच थाटात कारखान्यासमोर आला, तेव्हा मी दारात उभा होतो. फुले पाहिली, मिटलेले डोळे पाहिले आणि माझा बांध पुन्हा फुटला. मामांनी एक डोळा उघडला. दारावर मी दुपारीच एक नवी फळी टांगली होती. ती त्यांनी सावकाश वाचली: "मालकांच्या दुःखद निधनामुळे कारखाना बंद."

"पॉलिशचा एकच हात?" मामा म्हणाले. "नापास!"

मी मुकाट्याने दुसरा हात मारला. ती फळी मामींनी आपल्या घरी नेऊन भिंतीला तोंड करून टांगली आहे. हल्ली मामा दर रविवारी चौथा मजला चढतात. एखाद्या रविवारी त्यांनी कंटाळा केलाच, तर मामी एक अक्षर बोलत नाहीत; फक्त फळी सुलटी करतात. उरलेल्या तिन्ही खुर्च्या अद्याप त्या इमारतीतच आहेत, आणि मामा येण्याच्या वेळी एकही रिकामी नसते.

येथवर ज्यांनी बसल्या जागी वाचले, त्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार. त्यांची खुर्ची कुरकुरत नसेल, अशी आशा आहे.

आपला नम्र,
पॉलिशवाला