आधी दूध, मग विश्व

बाबाजी मास्तरांच्या दहाव्याला पालीच्या नदीकाठी पिंड मांडून सगळे ताटकळले होते आणि कावळा काही शिवेना. समोरच्या आंब्यावर बसला होता, पण ढिम्म.

“इच्छा राहिलीय काहीतरी,” भटजी म्हणाले. “बोला कोणीतरी.”

धाकटा भाऊ राजेंद्र पुढे झाला. “दादा, तुझ्या वेदिकाचा लगीन मी लावून देतंय!” कावळ्याने मान फिरवली. शेजारच्या भागोजीला आपण मास्तरांच्या जागेत हळूच पुढे सरकवलेला कुंपणाचा दगडी गडगा आठवला. चारचौघांच्या नजरा चुकवणार कशा? “मास्तरानू, गडगा हातभर मागं घेतंय!” कावळा हलेना. “बरा, सगळा घेतंय!” मग राजेंद्रने भरात येऊन काजूची बागही वहिनीला देऊन टाकली. त्याच्या बायकोचं तोंड उतरलं.

लांब बायकांत बसलेल्या येसूबाईंना मात्र नवऱ्याची इच्छा ठाऊक होती. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या मास्तरांना निवृत्तीनंतर एकच वेड लागलं होतं, विश्व सुरू कसं झालं. रोज संध्याकाळी पडवीत खुर्ची टाकून ते सांगायचे, “येसू, शून्यसुद्धा रिकामा नसता गो. त्याच्यात सारखी थरथर चाललेली असते. त्यातनाच हा सगळा पसारा.”

“मग त्याच्या आधी काय व्हता?”

मास्तरांचा चेहरा खुलायचा. ते चष्मा पुसून सावरून बसायचे, तेवढ्यात आत दूध उतू जायचं आणि येसूबाई धावत सुटायच्या. परत येईपर्यंत मास्तर रुसलेले. “तुला विश्वापेक्षा दूध मोठा!”

“मग चाय काय विश्वाची करू?”

तेच आठवून त्यांना आता भडभडून आलं. त्या उठल्या, पिंडासमोर गेल्या. “अहो, आज सांगा. दूध जाऊ दे उतू. मी उठणार नाय.”

कावळा झेपावला आणि शिवला.

“वयनी, ह्या आधी नाय बोलायचा?” भागोजी कळवळला. “माझा गडगा गेला ना!”

संध्याकाळी येसूबाईंनी सवयीने दूध गॅसवर ठेवलं आणि पडवीत येऊन रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या. “हां, बोला. आधी काय व्हता?”

आत गॅसवर चर्र झालं.

“आई, दूध!” वेदिका ओरडली.

येसूबाई हलल्या नाहीत. डोळे भरून वाहत होते.

“तू बघ जा,” त्या म्हणाल्या. “बाबा आत्ता कुठे मुद्द्यावर येतायत.”