आत उतरणाऱ्यानं बोलत राहायचं

दळवी भावोजींची आंघोळ आमच्या नाहूरच्या इमारतीत सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यांचं न्हाणीघर माझ्या न्हाणीघराच्या बरोबर खाली. दोन्हींच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात, आणि भावोजी आंघोळ करताना बोलतात. गात नाहीत, स्तोत्र म्हणत नाहीत. बोलतात.

"गीझर बंद केला. दरवाजाक कडी लावूक नाय. पाणी घेतलंय. आता साबण. उजवो पाय... आता डावो. लादी ओली आसा, सांभाळून."

वरच्या मजल्यावरचे लोक आलेल्या पाहुण्यांना हे मुद्दाम ऐकवतात. "आमचा रेडिओ," म्हणतात.

भावोजी मालवणकडचे. भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात ते सेफ्टी सुपरवायझर होते. कारखाना गेला, त्या जागी टॉवर आले, पण भावोजींची ड्यूटी काही संपली नाही. कुणाच्या घरी गेले की ते माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. आधी वर बघतात, मग पायाखाली, मग बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का ते. आमच्याकडच्या सत्यनारायणाला आले तेव्हा प्रसादाआधी त्यांनी एक्स्टेंशन बोर्डाला हात लावून पाहिला, "गरम लागता," म्हणाले, आणि विजेच्या माळेची पिन काढून खिशात टाकली. देव आरतीपर्यंत अंधारात बसले. माझे यजमान त्यांचे मित्र, म्हणून त्यांनी ऐकून घेतलं. मी मात्र दोन दिवस भावोजींशी बोलले नाही.

उन्हाळ्यात त्यांना चैन नसते. घरोघरी एसीवाले येतात, खिडकीतून बाहेर छज्ज्यावर उतरतात आणि आतल्या माणसाला सांगतात, "जरा धरा हां." आपणही धरतो. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी प्रधान असेच एका एसीवाल्याला धरून उभे होते. भावोजींनी खालून पाहिलं आणि तिथूनच विचारलं,

"प्रधान, काय धरलंत?"

"शर्ट."

"मग शर्ट तुमच्या हातात रवतलो. माणूस खय जातलो?"

आम्ही सगळे हसलो. पण त्या दिवसापासून शर्ट धरलेला हात दिसला की मी खालचे मजले मोजते. संडास धुणारी बाई अ‍ॅसिडच्या बादलीत ब्लीचिंग पावडर टाकताना दिसते, शिडी उघड्या दारासमोर लावलेली दिसते. पुस्तक वाचत बसणारी बाई मी. भावोजींनी मला भ्यायला शिकवलं.

माझे यजमान गेल्या पावसाळ्यात गेले. घरातला बोलण्याचा आवाज त्यांच्याबरोबर गेला. मी दिवसचे दिवस कुणाशी बोलत नसे. सकाळी डक्टमधून "गीझर बंद केला" ऐकू आलं की तेवढं माणसाचं बोलणं कानावर पडे.

यंदा सोसायटीने आवारातली जमिनीखालची पाण्याची टाकी आतून रंगवायला काढली. गळती थांबवण्याचा रंग. डबा उघडला तर वास गेटपर्यंत आला. काम करणारे दोघे चुलतभाऊ, संतोष आणि मनोहर, खेडकडचे. कंत्राटदाराने टाकीच्या तोंडाशी नारळ ठेवला, अगरबत्तीचा पुडा काढला आणि काडी ओढणार, तोच भावोजींनी पेटी त्याच्या हातातून घेतली.

"नारळ फोड. काडी नको. ह्या रंगाचो वास पेट घेता."

"काका, शुभ काम आहे. शास्त्र असतं ते."

"उदबत्ती गेटार लाव. देवाक चालता."

मग ते प्रधानांकडे वळले. "आत हवा सोडूक ब्लोअर खय?"

"उद्या येतोय."

"मग काम उद्या."

"दळवी, पाणी आधीच बंद आहे, आणखी एक दिवस कसा काढायचा? लोक माझा जीव खातील."

"तुमचो जीव रवांदे. आत उतरता तेचो बघा."

काम थांबवण्याचा अधिकार आता त्यांच्याकडे नव्हता. प्रधानांनी मान हलवली आणि कंत्राटदाराने संतोषला खूण केली. भावोजी घरी गेले. मला वाटलं, रागावून गेले. पण ते कारखान्यातला जुना पट्टा घेऊन आले, संतोषच्या काखेतून घालून त्यांनी तो घट्ट आवळला, त्याला दोर बांधला, आणि टाकीच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले.

"आत बोलत रव," ते म्हणाले. "कायय बोल. पण थांबू नको."

मी बाकावर पुस्तक उघडून बसले होते. वाचत नव्हते.

"गाव खयचा? सासुरवाडी?" भावोजी विचारत होते.

"काका, काय सोयरीक जमवताय काय?" टाकीतून घुमत आवाज आला. "लग्न झालंय माझं."

"बायको काय करता?"

"कोंबड्या पाळते. माझ्यापेक्षा जास्त कमावते."

मनोहर हसला. प्रधानही हसले. असं बराच वेळ चाललं. कोंबड्या, मेहुण्याची रिक्षा, गणपतीला गावी जायची तिकिटं. मधूनमधून भावोजी विचारत, "आसस मा?" आहेस ना, आणि आतून उत्तर येई, "आहे, काका."

मग संतोष हसायला लागला. कुणी काही गमतीचं बोललं नव्हतं. तो हसतच राहिला, आणि मध्येच म्हणाला, "कोंबड्या... कोंबड्या काका..."

भावोजी खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"संतोष, वास डोक्यात चढलो तुझ्या, काम सोड. भायर ये. संतोष, आसस मा?"

आतून काहीच आलं नाही.

मनोहरने चपला काढल्या. त्याचा एक पाय टाकीच्या तोंडात गेला होता, तेवढ्यात भावोजींनी त्याला मानेपाशी धरून मागे खेचलं. त्या वयात ती ताकद कुठून आली, माहीत नाही.

"सोडा मला. भाऊ आहे माझा."

"म्हणानच उतराचा नाय," भावोजी म्हणाले. "दोर धर. प्रधान, तुम्ही पण. ओढा."

मीही पुस्तक टाकून दोर धरला. दोर जड येत होता, आणि त्या जडपणाची भीती अजून माझ्या हातांत आहे. संतोषचं डोकं वर आलं, मग खांदे. ओठ निळसर. त्याला मोकळ्या हवेत आडवा केला. छाती हलत होती, पण इतकी थोडी की मला खात्री वाटेना. अँब्युलन्समध्ये मनोहर त्याचे पाय धरून बसला.

दुपारी हॉस्पिटलमधून मनोहरचा फोन आला. प्रधानांनी स्पीकर लावला. "बोलतोय," मनोहर म्हणाला. "पाणी मागितलं."

भावोजी अजून त्याच खुर्चीत होते. काड्यांची पेटी त्यांच्या मुठीत चिरडून गेली होती. मी पाणी दिलं.

"कारखान्यात असोच एक जण गप झालो," ते म्हणाले. "तेका काढूक दुसरो उतरलो. पयलो कामासाठी उतरता, वैनी. दुसरो मायेन उतरता. दोघय ग्येले."

"दुसरा कोण होता?"

"आमचो धाकटो भाऊ."

मी रिकामा पेला परत घेतला. मग विचारलं, "आंघोळ करताना बोलता, ते म्हणून?"

"आत जाणाऱ्यान बोलत रवाचा, असो नियम आसा."

"पण खाली तुमच्या घरात ऐकायला कोण असतं?" दळवी वहिनी जाऊन कितीतरी वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला.

"नियम तो नियम," भावोजी म्हणाले आणि खुर्ची उचलून घरी गेले.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी मी चहा ठेवत होते. "गीझर बंद केला" झालं. "पाणी घेतलंय" झालं. "आता साबण" झालं. पुढे काही आलं नाही.

मी गॅस बंद केला. न्हाणीघरात जाऊन खिडकीशी कान दिला. खाली नळ ठिबकत होता. यजमान गेल्यापासून मी कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती. मी खिडकी पूर्ण उघडली.

"भावोजी," मी डक्टमध्ये ओरडले. "बोलत रवा."

नळ ठिबकत राहिला.

"साबण सटकलो, वैनी," खालून आलं. "वाकू की नको, इचार करतंय."

"वाकू नका. राहू दे तिथेच."

"बरा."

एक तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग इमारतीने कधी ऐकला नसेल इतका हळू आवाज वर आला.

"वैनी, आसात मा?"

मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले.

"आसंय," मी म्हणाले.