सहाव्या गाण्याचं शेवटचं कडवं

"संग्या, दोन गोष्टी ध्यानात ठिव. गाणं अर्ध्यावर सोडू न्हाई, आन् आपलं गाणं आपुनच ऐकू न्हाई. ते आटतं."

बहात्तरच्या दुष्काळात, रस्त्याच्या कामावर खडी फोडता फोडता गौरम्मा आपल्या लेकाला हे म्हणाली होती. हातोडीच्या ठोक्यावर तिची ओवी अशी चालायची, की मुकादमसुद्धा शिट्टी तोंडात धरून विसरायचा. आता चौदा वर्षं झाली. गौरम्मा गेली, तो रस्ता डांबरी झाला, उदगीर उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात आलं आणि दुष्काळ पुन्हा आला. जिल्हा नवा होता. आड मात्र जुनेच, आणि तळाला गेलेले.

संगप्पाचं सायकलीचं दुकान होतं. पण ते पोटापुरतं. खरं काम दुकानाच्या मागच्या खोलीत चालायचं. तिथं टाइपरायटरसारख्या बटणांचा एक बेंजो होता, आणि त्यावर तो स्वतःची गाणी बांधायचा. शब्द त्याचे, चाल त्याची. कुठल्या भजनी मंडळात नाही, बँड पार्टीत नाही, लग्नात सिनेमाची गाणी वाजवणं तर नाहीच नाही. लोक दोन ओळी ऐकायचे, "भारी हाय बरं," म्हणायचे आणि चाक कधी मिळंल ते विचारायचे. कुणीतरी आपलं एक गाणं शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच त्याची आस होती.

घरात तरी कुठं? लग्नाला अकरा वर्षं झाली होती. प्रत्येक नवं गाणं तो आधी शिवगंगेला म्हणून दाखवायचा, आणि गाणं संपलं की ती विचारायची, "भाकर वाढू का?"

त्या उन्हाळ्यात त्यानं मनावर घेतलं. शेजारच्या नागुबाईच्या जावयाचा टेपरेकॉर्डर मागून आणला, खिडक्यांना वाकळा लावल्या आणि बटणापाशी शिवगंगेला बसवलं.

"हे बघ, कसला बी आवाज आला की बटण बंद करायचं. कुत्रं भुकलं, बंद. नागुबाई बोलली, बंद."

"मंग दिसभर बंदच ऱ्हाईल की," शिवगंगा म्हणाली.

पाच गाणी निर्विघ्न झाली. सहावं त्याचं लाडकं होतं. त्यानं डोळे मिटले आणि सूर लावला:

*पिकल्या आभाळाला
देठ कसा गं तुटंना
थेंब एक सुटंना
भुईसाठी*

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. पोंऽ पोंऽ पोंऽ. चार दिवसांनी आलेला टँकर! शिवगंगा ताडकन उठली, घागर उचलली आणि खच्चून ओरडली, "टँकर आला गंऽऽ! नागुबाई, पळाऽऽ!" संगप्पाच्या कानावर ते आलं, पण गाणं अर्ध्यावर सोडायचं नाही, हा आईचा शब्द. आणि बटणाला माणूस बसवलेलं होतंच की. तो मिटल्या डोळ्यांनी शेवटच्या कडव्यापर्यंत गेला.

शिवगंगा दोन घागरी घेऊन ओलीचिंब परतली.

"हॉर्नापुरतं बटण बंद करून पुन्हा लावलंतंस न्हवं?"

"हं," ती म्हणाली आणि रांजणाकडं वळली.

आपलं गाणं आपण ऐकायचं नाही, म्हणून दोन दिवसांनी संगप्पानं कॅसेट तशीच पिशवीत घातली आणि नांदेडला नेली. बसस्टँडामागच्या दुकानातल्या किशननं दोन टेप एकमेकांना जोडून, दुप्पट वेगानं दामटून पन्नास प्रती काढल्या. त्या वेगात त्यालाही चिमण्यांच्या चिवचिवाटापलीकडं काही ऐकू आलं नाही.

पहिली कॅसेट गल्लीच्या नाक्यावर मलप्पाच्या हॉटेलात लागली, तीही कर्ण्यावर. पाच गाणी लोकांनी चहाबरोबर गिळली. सहावं लागलं. "थेंब एक सुटंना..." आणि पोंऽ पोंऽ पोंऽ! "टँकर आला गंऽऽ!"

हॉटेल क्षणात रिकामं झालं. कुणी कप हातात घेऊनच पळालं. गल्लीतून घागरी, बादल्या, डबे, एक पाळणासुद्धा बाहेर आला. पाळण्यातलं बाळ मागाहून आलं. तासभर रांग उभी राहिली. रांगेत आधी भांडण झालं, मग समेट झाला, मग नागुबाईनं सोयरीक जुळवली. टँकर काही आला नाही.

उलगडा झाला तेव्हा संगप्पाला वाटलं, आता आपलं गाणं संपलं. पण झालं उलटंच. आठ दिवसांत पन्नासच्या पन्नास कॅसेटा गेल्या. देगलूरहून, मुदखेडहून माणसं विचारत आली. मराठवाड्याला अखेर खरं गाणं कळलं म्हणून संगप्पानं नवा सदरा शिवायला टाकला.

खरं कारण नागुबाईनं सांगितलं. "आवं, आमी खालच्या आळीत कॅसेट लावताव. त्या बाया तिकडं पळत्यात, तवर खरा टँकर हिकडं येतो. रांगच न्हाई बघा! लई गुणाचं गाणं हाय तुमचं."

खालची आळी काही अडाणी नव्हती. तिनंही कॅसेट आणली. मग वरची पळाली. मग देवळामागची. शेवटी सगळं उदगीर शहाणं झालं, आणि तिथंच घोटाळा झाला. खरा टँकर आला, हॉर्न वाजला, आणि बाया उंबऱ्यात बसून हसल्या.

"बसा गं, संगप्पाची कॅसेट हाय."

ड्रायव्हर अर्धा तास पोंऽ पोंऽ करून थकला आणि भरला टँकर घेऊन परत गेला. त्यानं वर कळवलं, 'गावास पाण्याची गरज दिसत नाही.' नवा जिल्हा, कागद मोठ्या हौसेनं पळायचे. दुसऱ्याच दिवशी टँकर बंद झाला.

तिसऱ्या दिवशी जीपमधून अव्वल कारकून अर्जुनराव उतरले. संगप्पाच्या दारात शंभरेक बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या, आणि संगप्पा नव्या सदऱ्यात घाम पुसत होता.

"तुम्हीच का ते कलाकार?" अर्जुनराव म्हणाले. "सरकारी टँकर परत धाडणारे?"

"म्या काय केलं न्हाई साहेब. म्या डोळे मिटून गायलो."

"लावा ते गाणं. मला ऐकायचंय."

कॅसेट लागली. हॉर्न वाजला, शिवगंगा ओरडली, आणि पहिल्यांदाच कुणी जागचं हललं नाही. साहेबांसमोर हलणार कसं? गाणं पुढं चालत राहिलं. दारात उभ्या बायांच्या घागरी हळूहळू कमरेवरून खाली आल्या.

*सुकल्या आडामंदी
नखाएवढी गं ओल
तिचा ऐकाया बोल
वाकले मी*

टेप खट्‌ करून थांबली. मग नागुबाईनं पदरानं नाक पुसलं. "ह्ये कडवं तर आमी ऐकलंच नव्हतं. दर येळी आमी रांगंत."

अर्जुनराव उगाचच कडक आवाजात म्हणाले, "उद्यापासून टँकर येईल. पण हॉर्नवर आता कुणाचा भरवसा नाही. तुम्ही एक नवं गाणं करा. एकच कॅसेट. ती ड्रायव्हरपाशी. टँकरवर कर्णा लावू. ते गाणं वाजलं, की पाणी खरं. आणि दुसरी प्रत निघाली, तर बघा!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा वाकळा लागल्या. संगप्पा बेंजो मांडीवर घेऊन खिन्न बसला होता.

"जन्मभर वाटलं, लोकांनी माझ्या गाण्यापाशी थांबावं. आता गाणं सुरू झालं की सगळं गाव पळंल."

"पळू द्या. पाण्याला पळत्यात," शिवगंगा बटणावर बोट ठेवून म्हणाली.

"आन् तू त्या दिशी बटण बंद केलं न्हाईस. हं म्हणलीस वर!"

शिवगंगा बेंजोकडं बघत, जपून जपून बोलली. "दुसऱ्या दिशी तुमी दुकानात होता, तवा म्या लावून ऐकलं. माझं वरडणं बी ऐकलं. सांगितलं असतं तर तुमी पुसलं असतं, पुन्हा गायला असता. पर तसं पुन्हा झालं नसतं. खडीवर मी बी होते, बारा वर्साची. आत्या गायच्या तवा हातातली पाटी खाली ठिवून ऐकायची मी. त्या दिशी शेवटच्या कडव्याला तुमचा आवाज त्यांच्यावानी लागला. पुसायचा धीर झाला न्हाई. तुमचं गाणं मला आवडतं. अकरा वर्सं आवडतंय. बोलले तर रडू येतंय, म्हून भाकरीचं इचारते."

संगप्पाच्या बोटाखालची तार आपोआप छेडली गेली. मग त्याची नजर टेपवर गेली. चाकं फिरत होती.

"अगं, बटण!"

"कवाच चालू केलंय," शिवगंगा म्हणाली. "ऐकू द्या समद्या गावाला. गा आता तुमी."