नानांचा मधला स्पीकर

सिरसाळ्यात पाण्याचा टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावते. आमचे शेजारी नाना मात्र दारं-खिडक्या लावून घेतात. टँकरच्या घरघरीनं त्यांच्या होम थिएटरची चाचणी बिघडते. घरात पाणी नसलं तरी चालेल, आवाज शुद्ध हवा!

नाना म्हणजे बंद पडलेल्या दूध सोसायटीचे माजी चेअरमन. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, सोसायटीला कुलूप लागलं. नानांची सभा काही संपली नाही. चहा जास्त गोड झाला तरी म्हणणार, "ठराव नामंजूर!"

त्यांचं दुखणं एकच. डावा-उजवा स्पीकर जोडीचे, खणखणीत. पण माणसाचं बोलणं ज्यातून येतं तो मधला जळाला, आणि नवा कुठलाही आणला तरी त्या दोघांशी जुळेना. परळीहून आणला, बीडहून आणला, सगळे नामंजूर. एक दुधाच्या किटलीवर ठेवून पाहिला, तर किटलीच बोलायला लागली.

चाचणीला नाना सिनेमा लावत नाहीत. सोसायटीच्या जुन्या सभेचं रेकॉर्डिंग लावतात, ज्यात विरोधी गटाचे अंकुशराव नानांना चांगलेच धारेवर धरतात. आणि परीक्षक कोण, तर सोफ्यावर बसलेले खुद्द अंकुशराव! गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कायमचा गेला. तेव्हापासून ते दुसऱ्या कुणाच्या घरी जात नाहीत.

"अंकुशराव, हा तुमचा आवाज हाय का न्हाई?" नाना विचारत.

अंकुशराव नकारार्थी मान हलवत.

"लई किनरा येतोय. ठराव नामंजूर!"

एकदा मी वैतागून म्हणालो, "नाना, मधला काढूनच टाका की. कडेच्या दोघांतून येतोय ना चांगला आवाज?"

"कावून? विरोधक कडंला बसून बोलतो का बे? समोरूनच बोलला पायजे!"

परवा शेवटी नानांनी त्या देखण्या जोडीतला डावा स्पीकर उपटला आणि मधे आणून बसवला. आता सिनेमातल्या गाड्या फक्त उजवीकडूनच येणार होत्या. नानांना त्याचं काही नव्हतं.

रेकॉर्डिंग सुरू झालं. आपल्याच जुन्या भाषणाबरोबर नाना उभे राहून हातवारे करू लागले. तेवढ्यात समोरून भरदार आवाज कडाडला, "चेअरमन, बास झालं! खाली बसा!"

सोफ्यावर अंकुशरावांचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते. डोळे भरले होते. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

साऱ्या कारकिर्दीत नाना कुणाच्या सांगण्यावरून कधी खाली बसले नव्हते.

"मंजूर," ते हळूच म्हणाले, आणि अंकुशरावांच्या शेजारी बसले.