काळभैरवापुढचे दोन नारळ

पेणहून परत रोह्याला बदली झाल्याचा हुकूम हातात पडला, त्याच दिवशी मी तो बायकोला दाखवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी ठरवलं, इतक्यात सांगायचं नाही. हरिहरेश्वरला जायचं, काळभैरवापुढे नारळ ठेवायचा आणि तिथेच खिशातून हुकूम काढून सुहासिनीच्या हातात द्यायचा. तिचा आनंदलेला चेहरा मला बघायचा होता. (लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तसा चेहरा शेवटचा कधी पाहिला ते आठवत नव्हतं, म्हणून हा बेत.)

खात्याचं नाव सांगत नाही. कोण कुठे वाचत असेल, भरवसा नाही. मी तिथे कारकून आहे एवढं पुरे. आठ महिन्यांपूर्वी, काही कारण नसताना, माझी रोह्याहून पेणला बदली झाली. एस.टी.च्या जिवावर रोज जाऊन-येऊन करणं शक्य नव्हतं, म्हणून पेणला खोली घेतली. खोली गणपतीच्या कारखान्यावर. खाली चारशे गणपती, डोळे अजून न रंगवलेले, तरी जिना चढताना सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटायचं. पहिल्याच आठवड्यात मी काळभैरवाला मनातल्या मनात नवस बोललो: परत रोह्याला आण, जोडीनं येऊन नारळ देईन.

आता जोडीनं जायचं तर बायकोला तयार करायला हवं. शनिवारी रोह्याला आलो तो हा विषय कसा काढावा याचा विचार करतच. पण चहाचा कप पुढे ठेवत तीच म्हणाली, "अहो, उद्या हरिहरेश्वरला जाऊन येऊ या का? माझा एक नवस फेडायचा राहिलाय."

माझ्या मनात पाल चुकचुकली.

"कसला नवस?"

"फेडल्याशिवाय सांगू नये."

"माझ्यासाठी बोललीस?"

"तुमच्यासाठीच तर!" असं म्हणून ती चक्क हसली.

मी संशयी नाही. चौकस आहे. जनू गवळ्याच्या दुधात मी रोज बोट बुडवून बघायचो, पोस्टमन दारात दोन मिनिटांहून जास्त थांबला तर का थांबला ते विचारायचो, शेजारच्या अनसूयाबाई वाटी घेऊन आल्या की वाटीत काय आहे ते झाकण उघडून पाहायचो. यात गैर काय? पण रात्रभर मी विचार केला. नवस फेडायचा म्हणजे तो पुरा झालेला असणार. म्हणजे या आठ महिन्यांत, माझ्या गैरहजेरीत, घरात काहीतरी चांगलं घडलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता!

खुणा तर होत्याच. शनिवारी यावं तर सुहासिनी गुणगुणत असायची. तब्येत सुधारली होती. अनसूयाबाईंचं हसणं फाटकापर्यंत ऐकू यायचं आणि मी आत पाऊल टाकलं की थांबायचं. दुधावर बोटभर साय येत होती. जनू मला बघून पूर्वी सायकलवरून उतरायचा नाही, आता उतरून विचारायचा, "साहेब, सोमवारी जाताय ना?" या सगळ्यामागे काहीतरी होतं. काय, ते मात्र कळत नव्हतं.

सकाळच्या एस.टी.त सुहासिनीशेजारी गोदूबाई नावाची एक म्हातारी बसली. मी मागच्या सीटवर. म्हसळा येईपर्यंत दोघी बहिणी-बहिणी झाल्या. सुहासिनी तिच्या कानाला लागून काहीतरी सांगत होती. मी पुढे वाकलो, तर नेमका ड्रायव्हरनं गिअर टाकला.

"व्हय गो बाय?" म्हातारी म्हणाली. "आनि पावला?"

"पंधरा दिवसांत!"

म्हातारीनं वळून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग पिशवीतून एक केळं काढून माझ्या हातात दिलं. "खा रं बाबा," ती म्हणाली. आवाजात अशी कीव होती की ते केळं मी न सोलताच हातात धरून बसलो. मला काही आजार तर नव्हता? सुहासिनीला माहीत होता आणि मला नव्हता, असं तर नव्हतं?

हरिहरेश्वरला आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायचं असतं. देवळाच्या दारातच सुहासिनी म्हणाली, "तुम्ही जरा मागे जाऊन भरती आहे की ओहोटी ते बघून या. ओहोटी असली तर डोंगराला प्रदक्षिणा घालू. सावकाश या."

सावकाश! मी मागे गेलो, समुद्राकडे नजरसुद्धा टाकली नाही, एका नारळवाल्याकडचे पाच नारळ कानाशी हलवून त्यातला एक घेतला आणि दुसऱ्या बाजूनं देवळात शिरून खांबामागे उभा राहिलो.

सुहासिनीचा नारळ देवापुढे होता. गुणाजी गुरव गाऱ्हाणं घालायला उभे राहिले होते. खांबामागे लपायची काही गरज नव्हती हे मला लगेच कळलं, कारण त्यांचा आवाज पार समुद्रापर्यंत जात असावा.

"बा देवा काळभैरवा! ही रोह्याची तुझी लेक सुहासिनी. तिनं तुला सांगनं केलं व्हतं."

"व्हय महाराजा!" देवळातली सगळी माणसं म्हणाली. गोदूबाईचा आवाज सर्वांत वर.

"घरधनी मानूस चांगला हाय, पन घरात बसून दुधात बोटं घालतो, वाट्यांची झाकनं उघडतो. त्याची बदली कर, असं तिनं सांगितलं."

"व्हय महाराजा!"

"तू ऐकलंस. पेनला धाडलास. आठ महिने घरात सुख हाय. असाच त्याला पेनला सुखी ठेव!"

"व्हय महाराजा!"

गाऱ्हाणं चालू असलं की 'व्हय महाराजा' म्हणायचं ही लहानपणापासूनची सवय. ती काय बोललं जातंय ते बघत नाही. सगळे थांबले होते आणि मी एकटाच, अर्धा क्षण उशिरा, खांबामागून मोठ्यानं म्हणालो होतो.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तुमी कोन?" गुणाजींनी विचारलं.

"घरधनी," मी म्हणालो.

सुहासिनीचं लक्ष माझ्या हातातल्या नारळाकडे गेलं. "हा कसला?"

मी खिशातून हुकूम काढून तिला दिला. तिनं वाचला. देवासमोर तिचा चेहरा बघायचा होता, तो बघितला. मला खरंच फार वाईट वाटलं.

"तुम्ही नवस बोलला होतात?" तिनं हळूच विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात. मला तिथे करमत नव्हतं. रोज रात्री एकट्यानं भाताशी किती बोलणार?"

तिचे डोळे भरून आले. खोटं नाही, मी जवळून बघितलं. "मग मला सांगायचं नाही का हो?" ती म्हणाली आणि माझ्या हातातला नारळ घेऊन स्वतः देवापुढे ठेवला. मला एकदम हलकं वाटलं. आठ महिन्यांत प्रथमच कुणावर काही संशय उरला नाही.

गुणाजी डोकं खाजवत म्हणाले, "देवानं दोघांचंबी ऐकलं. आधी हिचं, मग तुमचं. आता फोडतो दोनी."

"थांबा," सुहासिनी पदरानं डोळे पुसत म्हणाली. "यांचा फोडा. माझा राहू दे तसाच."

"का गो बाय?"

"पुढच्या बदलीसाठी. या खेपेला महाडला झाली तरी चालेल."

गुणाजींनी लगेच दोन्ही हात जोडले, गाऱ्हाणं घातलं आणि सगळं देऊळ "व्हय महाराजा!" म्हणालं. मी तेवढा गप्प होतो.

सुहासिनीनं मला कोपरानं ढोसलं. "म्हणा की!"

मी म्हणालो.