टिंब्रेलसाहेब आणि कठड्याचे दोन गज

मेजवानीला निघालेल्या एडविन टिंब्रेलसाहेबांच्या कॉलरची गुंडी दारातच निसटली, पायरीवर टणकन उडाली आणि कठड्याच्या गजांमधून खाली, तळघरापुढच्या चौकात जाऊन पडली. कुठे पडली ते पाहायला साहेबांनी दोन गजांमधून डोके आत घातले. गुंडी दिसली. नळाशेजारी छान चमकत होती. मग साहेबांनी डोके मागे घेतले, म्हणजे घेऊ पाहिले. डोके येईना. जाताना मुकाट्याने गेलेले कान परतताना आडवे आले.

दुसऱ्या कोणाचे डोके असते तर गल्लीने ते घटकाभरात सोडवले असते. पण हे डोके टिंब्रेलसाहेबांचे होते! ‘मॉर्निंग बीकन’मधला त्यांचा मजकूर वाचल्याशिवाय लंडनला सकाळचा चहा गोड लागत नसे. ज्यांना वाचता येत नव्हते ते गुत्त्यात जमून दुसऱ्याकडून वाचून घेत आणि ऐकताना टोप्या काढून मांडीवर ठेवत. कारण टिंब्रेलसाहेब ऐकीव लिहीत नसत, भोगून लिहीत. ते एकटे बलूनमधून ढगांपलीकडे जाऊन आले होते. शहराच्या भुयारी गटारातून चालत थेट नदीवर निघाले होते. कडाक्याच्या थंडीत गरीबखान्यात, भिकाऱ्यांच्या शेजारी फळीवर झोपले होते. क्रिमियाच्या लढाईत तर म्हणे तोफांच्या इतके जवळ गेले की बातमीच्या कागदाला दारूचा वास येत होता. आजच्या मेजवानीत ‘इंग्लंडची सर्वांत निर्भय लेखणी’ म्हणून त्यांचा सत्कार व्हायचा होता.

खरी गोष्ट एकट्या त्यांच्या पत्नीला, लविनियाबाईंना, ठाऊक होती. बलूनजवळ साहेब नुसते बघत उभे असताना त्यांचा पाय दोरीत गुंतला होता. गटाराचे झाकण उघडे आहे हे त्यांना दिसलेच नव्हते. गरीबखान्यात ते गेले, कारण घराची किल्ली हरवली होती आणि लविनियाबाई माहेरी होत्या. आणि क्रिमियाला पोचले ते आत्याला भेटायला निघून चुकीच्या जहाजात चढल्यामुळे. तिथे काय पाहिले ते साहेबांनी दरवेळी अक्षरन्‌अक्षर खरे लिहिले. तिथे कसे पोचलो, एवढेच लिहायचे राहिले. लोक ‘धन्य, धन्य’ म्हणू लागल्यावर तर ते सांगायची सोयच उरली नाही. रात्री अंथरुणावर मात्र ते सलत राही.

“तुम्ही पडता बाकी छान हो,” लविनियाबाई म्हणत.

त्या संध्याकाळी बाई बहिणीकडे मेजवानीत लावायला ब्रोच मागायला गेल्या होत्या आणि मोलकरणीची सुट्टी होती. पहिला आला तो मटणाच्या कचोऱ्या विकणारा.

“साहेब! नवीन काही चाललंय वाटतं?”

“डोकं अडकलंय माझं! ओढ मला!”

कचोरीवाल्याने टोपी काढली. त्याच्या अंगावर शहारा आला. “काय आवाज लावलाय! अगदी खऱ्यासारखा.”

“अरे खराच आहे, गाढवा!”

“शिवीसुद्धा खरी,” तो पाठीमागे आलेल्या धोबिणीला हळूच म्हणाला.

हां हां म्हणता गल्ली भरली. लेख कशावर असेल यावर तर्क सुरू झाले. कोणी म्हणाले कैद्यांच्या हालांवर. कोणी म्हणाले फाशीवर. एका गाडीवानाला खात्री होती की हे घोड्यांसाठी चालले आहे. “तबेल्यात बिचाऱ्यांचं डोकं असंच असतं की नाही? आजवर कुणी विचारलं होतं का त्यांना?” असे म्हणून त्याने डोळे पुसले. एका धाडसी खाटकाने साहेबांची कंबर धरायला हात पुढे केला, तोच शिपाई धावत आला.

“हात लावू नका! साहेबांचं काम चाललंय.”

“मी मूर्ख आहे हो!” साहेब चौकात तोंड करून ओरडले. “गुंडी शोधत होतो! सोडवा मला!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात ‘इव्हनिंग लँप’चा बातमीदार वॉर्टनबी घोडागाडीतून उतरला. टिंब्रेलसाहेबांमुळे याच्या पत्राचा खप दहा वर्षे मार खात होता. आज मात्र मागे राहायचे नाही, या निर्धाराने त्याने हॅट काढली आणि शेजारच्या फटीत आपले डोके सारले.

“नमस्कार, टिंब्रेल. आता बघू कोण आधी दमतं.”

“वॉर्टनबी, लेका, मागे घे ते डोकं.”

“का? भीती वाटली?” त्याने ऐटीत मान हलवली. मग पुन्हा हलवली. मग जरा जोरात. “टिंब्रेल... हे निघत नाहीये.”

“मघापासून मी दुसरं काय सांगतोय?”

खालच्या चौकात पावले वाजली. जुडीने पालेभाजी विकणारी एक म्हातारी फाटकातून पायऱ्या उतरून आली होती. बाहेर सगळ्यांना साहेबांची पाठ दिसत होती, हिला त्यांचा चेहरा दिसला. ती वर बघत म्हणाली, “ओळख नाही पटायची लेकरा. मी टॅबिथा. तू गरीबखान्यात आलास ना, तेव्हा मी फळीच्या भिंतीपलीकडे होते, बायकांच्या खोलीत.”

साहेबांना राहवले नाही. “आजी, खरं सांगू? मी मुद्दाम नव्हतो आलो. माझी किल्ली...”

“ठाऊक आहे की! रात्रभर ‘किल्ली, किल्ली’ करून रडत होतास. आम्ही सगळ्याजणी ऐकत होतो.”

“आणि कुणाला बोलला नाहीत?”

“काय बोलायचं त्यात? मुद्दाम येणारे मोप बघितलेत. नाकाला रुमाल लावून येतात, अन् घटकाभराने जातात. तू आमच्यासारखा आलास, जायला जागा नव्हती म्हणून. म्हणून तर आमचं नीट लिहिलंस.” तिने वाकून गुंडी उचलली, पदरासारख्या शालीला पुसली आणि पायऱ्या चढून त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी गुंडी मुठीत घट्ट धरली. वॉर्टनबीने तिरक्या नजरेने त्यांच्याकडे पाहिले.

मग लविनियाबाई आल्या. गर्दी बघून त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. लग्नाला बरीच वर्षे झाली होती. त्यांनी शिपायाला विचारले, “ओढून पाहिलंत का कुणी?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

बाईंनी स्वयंपाकघरातून बदकाच्या चरबीचे मडके आणले, दोघांच्या कानांना सढळ हाताने चोपडले आणि दोन कोळसेवाल्यांना कामाला लावले. आधी साहेब सुटले, मग वॉर्टनबी. गर्दीने टोप्या उडवल्या. “अहो, चला,” बाई म्हणाल्या, “सूप निवेल.”

मेजवानीच्या दालनात झुंबरे झगमगत होती. सेनापती, बिशप, आफ्रिकेतले सरोवर शोधणारे सर डेन्झिल, वर्तमानपत्रांचे सगळे संपादक बसले होते. टिंब्रेलसाहेबांचे केस चरबीने चमकत होते, आणि ती नवी फॅशन समजून दोन तरुणांनी टेबलावरचे लोणी डोक्याला लावले. ‘बीकन’चे संपादक ग्रिमवेड यांनी साहेबांची इतकी स्तुती केली की काहींचे डोळे ओले झाले. मग साहेब उभे राहिले.

त्यांनी वर, बायकांच्या सज्जात बसलेल्या लविनियाबाईंकडे पाहिले आणि सगळे सांगितले. दोरी, झाकण, किल्ली, आत्या, गुंडी. “मी शूर नाही,” ते म्हणाले. “मी जिथे जिथे गेलो, तिथे धडपडून पोचलो. तुमचा मान मला घेता येणार नाही.” आणि ते खाली बसले.

ग्रिमवेड पांढरेफटक पडले. तेवढ्यात एक खुर्ची सरकली. सेनापती उठले होते.

“माझा तो प्रसिद्ध हल्ला,” ते म्हणाले. “चित्रं काढली लोकांनी त्याची. घोडा बिथरला होता हो. मी त्याला मागे वळवत होतो.”

“मला सरोवर सापडलं नाही,” सर डेन्झिल हळूच म्हणाले. “मी हरवलो होतो. पाय ओले झाले तेव्हा कळलं.”

बिशपांना मुळात नाटकात जायचे होते, दार चुकून ते चर्चमध्ये शिरले होते. पूल बांधणाऱ्या नामांकित इंजिनियरने नकाशा उलटा धरला होता, आणि पूल तरीही उभा राहिला. एकामागून एक माणसे उठत होती, मोठमोठी, पदके लावलेली, आणि ओझे उतरवल्यासारखी खाली बसत होती. सज्जात बायका एकमेकींचे हात घट्ट धरून खाली बघत होत्या. लविनियाबाई तर उभ्याच राहिल्या होत्या. इतक्या वर्षांत नवऱ्याकडे त्यांनी असे कधी पाहिले नव्हते.

ग्रिमवेड शेवटी उठले. शतकातली सर्वांत मोठी बातमी त्या दालनात घडत होती, आणि ती छापू शकणारा लंडनमधला प्रत्येक माणूस तिथेच बसला होता. “सद्गृहस्थहो,” ते अडखळत म्हणाले, “शुद्धलेखन मला कधीच आलेलं नाही. बायको तपासून देते.”

बातमी घ्यायला आलेल्या वॉर्टनबीने सवयीने पेन्सिल कानामागून काढायला हात नेला. चरबी लावलेल्या कानावरून ती कधीच सटकून टेबलाखाली गेली होती. त्याने वाकून पाहिले, आणि तिला तिथेच राहू दिले.

दुसऱ्या दिवशी लंडनच्या सगळ्या पत्रांत मेजवानीची एकच बातमी होती, आतल्या पानावर, चार ओळींची: भाषणे प्रसंगाला साजेशी झाली. मासे ताजे होते.