लसूण पार्टीचे तात्या

तात्या गळाला लावायचं पीठ आधी स्वतः खाऊन बघतात. चिमूटभर जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात आणि लग्नघरच्या आचाऱ्याच्या थाटात निकाल देतात, "लसूण कमी पडला."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा न्याहारी करतोय. मी विचारलं तर म्हणाले, "पावणं, आपल्या तोंडाला जे लागत न्हाय ते माशाच्या म्होरं कशाला ठेवायचं? त्यो बी जेवायलाच आलाय की!"

तात्या साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. मी शाळेत गणित शिकवतो. आमच्या कॉलनीमागं तलाव आहे, म्हणून हौसेनं ऑनलाइन गळाची काठी मागवली आणि दोन महिने पाण्याकडं बघत बसलो. माझी ही दशा तात्यांना बघवेना. मी न विचारताच त्यांनी मला शिष्य करून घेतलं.

"सर, आदी ती काठी खाली ठेवा. वारं कुटलं हाय?"

मला वारं कुठलं ते सांगता येईना. मग तात्यांनी मला सगळा काठ हिंडवला. वारं ज्या काठाला लागतं तिकडं पाण्यावरचं खाणं गोळा होतं, मासाही तिकडंच येतो. म्हशी धुऊन वर काढल्या की त्या गढूळ पाण्याशेजारी बसायचं, कारण "म्हस आपलं निम्मं काम करून गेल्याली असती." आणि सगळ्यांत उत्तम जागा म्हणजे करंजाच्या झाडाखाली. सावली, खोल पाणी, वरनं किडा-पाखरू पडतं. चारा म्हणाल तर शेंगदाण्याची भाजलेली पेंड, कणीक, जरा गूळ आणि ठेचलेला लसूण. गांडूळ लावणाऱ्या माणसाला तात्या आळशी म्हणतात आणि त्याच्याकडचा चहासुद्धा घेत नाहीत.

एवढं ज्ञान असलेला हा माणूस स्वतः मात्र बसतो सांडव्याच्या भिंतीवर. तिथं ना सावली, ना खोली. मी विचारलं, तर म्हणाले, "मला ऊन मानवतंय." मी खुळ्यासारखं ते खरं मानलं.

करंजाखाली बसतात नाना. नाना आणि तात्या एकाच कारखान्यात, एकाच पाळीत तीस वर्षं होते. मासेही जोडीनं धरायचे. मग वाद झाला. लसूण की हिंग? नाना हिंगवाले. तीन वर्षांपूर्वी तात्या चहाला गेले असताना नानांनी त्यांच्या पिठात गुपचूप हिंग कालवला. तात्यांनी येऊन चव घेतली, आणि डब्यासकट पीठ तलावात फेकलं. तेव्हापासून एकमेकांशी शब्द नाही. कुणी समजूत घालायला गेलं, तर तात्या म्हणायचे, "माणूस खून करंल, त्ये बी समजून घीन मी. पर दुसऱ्याच्या पिठात हात?"

गेल्या वर्षी नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. बरेच महिने घरात भिंतीकडं तोंड करून पडून होते. शेवटी त्यांच्या सुनेनं, सुजातानं, हट्टानं त्यांना स्कूटीवर मागं बसवून तलावावर आणायला सुरुवात केली. चार वाजता खुर्चीत बसवायची, सहाला घेऊन जायची. नाना डाव्या हातानं गळ टाकायचे. तो जवळच पडायचा आणि एकही मासा लागायचा नाही.

एका सोमवारी सुजातानं मला वाटेत गाठलं. "सर, मामा म्हणत्यात, ह्या आइतवारपतुर बगतो. न्हाय घावला तर काठी चुलीत घालतो आन परत घरातनं न्हाय निगत."

मी ते जसंच्या तसं तात्यांना सांगितलं. तात्या पीठ मळतच राहिले. "घालू दे चुलीत. हिंग लावून कुणाला कवा मासा घावलाय?"

मला राग आला. इतका कोता माणूस! त्या दिवशी मी तिथं थांबलोसुद्धा नाही.

शनिवारी शाळा अर्धीच होती. तीनच्या सुमाराला तलावावर गेलो, तर करंजाखाली तात्या गुडघाभर पाण्यात उभे. डब्यातनं गोळे काढून काठालगतच पाण्यात टाकत होते, नानांचा गळ पडतो तिथंच. दहा पावलांवरनं मला वास आला.

"तात्या, हिंग?"

"वरडू नका की!" तात्या दचकले. "मंगळवारपास्नं रोज ह्या टायमाला चारतोय. मासा शाळंच्या पोरागत असतोय. जितं खाऊ मिळतो तितं यळंवर हजर. जरा वासाला सरावला पायजे."

"चव घेऊन बघितलीत?"

"बगितली की." तात्यांनी तोंड वाकडं केलं. "थू! काय खात असतील कुणास ठावं."

आदल्या सोमवारी मी त्यांना मनात काय काय म्हणालो होतो, ते आठवून मला लाज वाटली.

रविवारी साडेपाचला नानांच्या गळाच्या दोरीवरचं बूच बुडालं. त्यांनी काठीचा बुडखा काखेत धरला आणि डाव्या हातानं झटका दिला. मी मदतीला धावलो, तर ओरडले, "हात लावू नगा सर!" पाचेक मिनिटांनी दीड-दोन किलोचा रोहू काठावर उड्या मारत होता.

आणि तीन वर्षं तात्यांशी न बोललेले नाना सांडव्याकडं तोंड करून गरजले, "ये लसूण! बगितलास का? हिंग म्हंत्यात ह्येला! उद्या बी येतो! परवा बी येतो!"

सगळे तात्यांकडं बघू लागले. हा माणूस कुणाचं ऐकून घेणारा नव्हे. पण तात्या मान खाली घालून बसले होते. जवळ गेलो, तर डोळे भरलेले.

"तात्या, आता तरी सांगा त्यांना."

"आन काय हुईल? गप घरात जाऊन पडंल, भिताडाकडं त्वांड करून. सर, त्यो मासं धराय येत न्हाय. मला हारवाय येतोय. येऊ दे."

तात्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, भिंतीवर उभे राहिले आणि अख्ख्या तलावाला ऐकू जाईल असे ओरडले, "एक घावला म्हंजे काय झालं रं? हिंमत आसंल तर उद्या ये!"